उपग्रहाच्या वाटेवर अडकलेली पोच

राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, १९९४ मध्ये संगणकावरून होणारे व्यवहार सुरू केले, तेव्हा देशभरातल्या दलालांना जोडण्यासाठी केवळ टेलिफोनच्या तारांवर न विसंबता गच्चीवर बसवता येणाऱ्या लहान डिश अँटेनांचा, म्हणजे व्हीसॅटचा, मार्ग निवडला. या मार्गाचा हिशेब मोठा गमतीचा आहे. मुलुंडपासून बाजाराचे आजचे मुख्यालय असलेले वांद्रे-कुर्ला संकुल सरळ रेषेत जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. पण मुलुंडच्या दलालाची ऑर्डर व्हीसॅटने निघाली, तर तिला विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर राहून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन पुन्हा खाली यावे लागते. प्रकाशाच्या वेगानेही या प्रवासाला पाव सेकंद लागतो आणि उत्तर हाती येईपर्यंत, यंत्रांमधला विलंब धरून, सुमारे ०.५५ सेकंद उलटतो.

ऑर्डर हा अगदी छोटा संदेश असल्याने एवढ्या विलंबाने दलालाचे त्या काळी फारसे अडत नसे. मोठी फाइल मागवणाऱ्याचे मात्र अडते, आणि उपग्रहावरची जादा क्षमता विकत घेऊनही अनेकदा त्याच्या पदरात काही पडत नाही. इंटरनेटवरील बरीचशी वाहतूक ज्या नियमांनी चालते त्या टीसीपीमध्ये माहितीची लहान लहान पाकिटे पाठवली जातात आणि ती मिळाल्याची पोच पलीकडून यावी लागते. पोच येण्यापूर्वी जास्तीत जास्त किती माहिती वाटेवर असू द्यायची, या मर्यादेला ‘विंडो’ म्हणतात. मूळ रचनेत ही मर्यादा ६५,५३५ बाइटांची होती. दर ०.५५ सेकंदाला एवढीच माहिती, म्हणजे सेकंदाला साडेनऊ लाख बिट. मग जोडणी १० मेगाबिटची असो वा १०० मेगाबिटची, एका फाइलचा वेग एक मेगाबिटच्या आतच राहणार. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या सुधारणेने ही मर्यादा सुमारे एक गिगाबाइटपर्यंत वाढवता येऊ लागली.

तेवढ्याने भागले नाही. वाटेवर गर्दी असेल या धास्तीने टीसीपी मोजक्या पाकिटांनी सुरुवात करते आणि दर फेरीला त्यांची संख्या दुप्पट करते. दहा पाकिटांपासून निघून १० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरायला वीस मिलिसेकंदांत पोच आणणाऱ्या फायबरवर एखादी फेरी पुरते, तर भूस्थिर उपग्रहावर साधारण सहा फेऱ्या लागून तीन सेकंदांहून अधिक काळ जातो, आणि तोवर वेबपानाचा एखादा तुकडा उतरूनही झालेला असतो. त्यातच मुंबईचा पावसाळा. उपग्रह जोडण्यांत वापरल्या जाणाऱ्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, पाकिटे गहाळ होतात, आणि टीसीपी या गळतीला गर्दी समजून आपला वेग निम्म्यावर आणते. नेमकी कोणती पाकिटे मिळाली ते कळवणारी निवडक पोच १९९६ मध्ये आली. शिवाय पावसाच्या जोराप्रमाणे संकेताची बांधणी बदलणारे मोडेमही आले, जे वेग थोडा सोडून जोडणी टिकवतात.

सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय मात्र तत्त्वनिष्ठ अभियंत्यांना कधीच रुचला नाही. जोडणीच्या दोन्ही टोकांना मध्यस्थ यंत्रे बसवायची, त्यांनी पाठवणाऱ्याला पलीकडच्या वतीने लगेच पोच देऊन टाकायची आणि उपग्रहावरची खरी ने-आण आपल्या सोयीच्या नियमांनी करायची. ही सरळसरळ खोटी पोच आहे, पण कामाची. ती देण्यासाठी मध्यस्थाला टीसीपीचा मजकुरावरचा मथळा वाचता यावा लागतो. बँकेच्या संकेतस्थळाचे नेहमीचे कूटबद्धीकरण हा मथळा उघडा ठेवते. व्हीपीएन आणि २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा नवा प्रोटोकॉल तोही झाकतात, त्यामुळे गोपनीयता वाढते आणि मध्यस्थ निरुपयोगी होतो.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल उतरत असल्याने उपनगरांतल्या घरांना या कसरतीची गरज क्वचितच पडते. भर समुद्रातली जहाजे, अंधेरीच्या विमानतळावरून उडणारी विमाने आणि डोंगराआडची गावे यांची गोष्ट वेगळी. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकसारख्या उपग्रहांनी फेरीचा काळ काही दशांश सेकंदांवरून काही शतांशांवर आणला आहे. पण हे उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाकडे सरकतात, जोडणी एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावी लागते, आणि त्या बदलात फेरीचा काळ अचानक कमीजास्त झाला किंवा एखादे पाकीट गहाळ झाले, की टीसीपी पुन्हा गर्दीच्याच संशयाने वेग आवरते.