वेब डिझाइन : अल्प भांडवलाचा सेवा उद्योग

माहिती तंत्रज्ञानातील रोजगार म्हटला की बंगळुरू, हैदराबाद किंवा पुणे येथील मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. याच क्षेत्रात तालुक्याच्या गावी राहूनही करता येण्याजोगा उद्योग म्हणजे वेब डिझाइन, अर्थात संकेतस्थळांची रचना व देखभाल. संगणक, इंटरनेट जोडणी आणि कौशल्य एवढ्या बळावर एक-दोन व्यक्ती तो सुरू करू शकतात. मात्र भांडवल कमी लागत असल्यामुळेच या उद्योगात प्रवेश सोपा आणि स्पर्धा तीव्र असते. त्याची खरी कसोटी यंत्रसामग्रीत नसून करार, वसुली आणि विश्वासार्हता यांत आहे.

बदलते स्वरूप

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००५ मध्ये ‘डॉट इन’ या नावाखालील नोंदणी मोठ्या प्रमाणावर खुली झाली, तर २०१४ मध्ये देवनागरीतील ‘डॉट भारत’ उपलब्ध झाले. वर्डप्रेससारख्या मुक्त प्रणाली, तयार साचे आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांमुळे साधे पान तयार करणे अतिशय स्वस्त झाले आहे. त्यामुळे केवळ पान मांडून देण्याचे मोल घटले. ग्राहकाची गरज ओळखणे, भारतीय भाषांतील मजकूर युनिकोडमध्ये नीट मांडणे आणि संकेतस्थळ अद्ययावत व सुरक्षित ठेवणे यांचे मोल मात्र वाढले आहे.

नोंदणी आणि भांडवल

एकट्याने सुरुवात करणाऱ्यास एकल मालकीचा मार्ग सर्वांत सोपा ठरतो. भागीदारी संस्था, २००८ च्या कायद्यानुसार मर्यादित दायित्व भागीदारी आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एक व्यक्ती कंपनी हे अन्य पर्याय होत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कक्षेत सेवा उद्योगही येतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या निकषांनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. जुलै २०२० पासून लागू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य असून स्वयंघोषणेवर आधारित आहे.

प्रारंभिक खर्चासाठी एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गट उपयोगी आहे. त्यात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. सेवा पुरवठादारास साधारणतः २० लाख रुपयांच्या, तर काही विशेष प्रवर्गातील राज्यांत १० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीनंतर वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते.

करार : वादांचे मूळ आणि उपाय

या व्यवसायातील बहुतेक वाद तोंडी व्यवहारातून उद्भवतात. पाने किती, भाषा कोणत्या, दुरुस्त्या किती वेळा आणि मजकूर कोणी पुरवायचा, हे लेखी ठरले नसेल तर काम लांबत जाते आणि ठरलेली रक्कम अपुरी पडते.

मालकीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. संकेतस्थळाचे नाव ग्राहकाच्याच नावे नोंदवले जावे. ते डिझायनरच्या नावे राहिल्यास पुढे ग्राहकाची अडवणूक होऊ शकते. दुसरीकडे, कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा प्रथम मालक सर्वसाधारणपणे मालक-संस्था असते. स्वतंत्र कंत्राटदाराच्या बाबतीत मात्र हा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे राहतो. त्याचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसहच करावे लागते. म्हणून पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील, अशी अट दोन्ही पक्षांना न्याय्य ठरते.

वसुली आणि खेळते भांडवल

समजा, ३० हजार रुपयांचे काम आहे. एकतृतीयांश रक्कम आगाऊ, एकतृतीयांश आराखडा मंजूर झाल्यावर आणि उरलेली संकेतस्थळ कार्यान्वित होण्यापूर्वी घेतल्यास जोखीम विभागली जाते. वार्षिक देखभालीचे ६ हजार रुपये देणारे २० ग्राहक जोडले गेले, तर नवे काम नसलेल्या वर्षीही १ लाख २० हजार रुपयांची निश्चित जमा होते. लहान उद्योगाला तग धरण्यासाठी हाच आधार असतो.

तरीही बिल थकल्यास २००६ चा अधिनियम संरक्षण देतो. सूक्ष्म वा लघु पुरवठादाराची रक्कम करारात ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. दाद सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. परिषदेच्या निर्णयास आव्हान देणाऱ्या खरेदीदारास ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘समाधान’ संकेतस्थळावर अर्ज करण्याची सोय झाली. या संरक्षणाचा लाभ निर्वेध मिळावा यासाठी काम स्वीकारण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करणे हिताचे ठरते.

प्रसाराचे मार्ग

नव्या व्यावसायिकाने सर्वांसाठी सर्व काही करण्यापेक्षा एखादे क्षेत्र निवडणे श्रेयस्कर. तिरुप्पूरचे होजिअरी उत्पादक, मुरादाबादचे पितळी वस्तूंचे निर्यातदार, मोरबीचे फरशी उत्पादक किंवा येवल्याचे पैठणी विणकर अशा उद्योगसमूहांत व्यापाऱ्यांच्या गरजा सारख्या असतात. तेथे एकाचे काम चोख झाले की त्याची वार्ता शेजारच्या पेढीपर्यंत आपोआप पोहोचते. स्वतःचे नीटनेटके संकेतस्थळ, पूर्ण केलेल्या कामांचे नमुने आणि समाधानी ग्राहकांची शिफारस ही जाहिरातीपेक्षा प्रभावी साधने ठरतात.

शासकीय खरेदी ही दुसरी संधी आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणातील सुधारित तरतुदीनुसार केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करणे अपेक्षित आहे. त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे सुगम्य संकेतस्थळांची गरजही अधोरेखित झाली. चित्रांना मजकुरी वर्णन जोडणे, अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक ठेवणे ही कौशल्ये असणाऱ्यास स्पर्धेत वेगळे स्थान मिळू शकते.

अल्प भांडवल हे या उद्योगाचे बलस्थान आहे, तसेच मर्मस्थानही. कौशल्याला लेखी व्यवहार, वेळेवर वसुली आणि नियमित देखभाल यांची जोड मिळाली, तरच तालुक्याच्या गावी उभा राहिलेला असा उद्योग स्वयंरोजगाराच्या पुढे जाऊन इतरांनाही रोजगार देऊ शकेल.