टाळ्या नाहीत, तरीही...

आपल्या हॉस्टेलच्या कोणत्याही विंगमध्ये एक फेरी मारून बघा. कुणाच्या कपाटात अर्धी भरलेली कवितांची वही सापडेल, कुणाच्या लॅपटॉपमध्ये शूटिंग होऊन एडिटिंगविना पडलेली शॉर्टफिल्म, तर कुणाच्या गिटारवर मुखड्यापुढे न सरकलेली चाल. सुरुवात सगळ्यांनीच झोकात केलेली असते. मग घोडं अडतं कुठे? 'वेळच मिळत नाही रे' हे उत्तर तयार असतं. पण हाच मुलगा ऐन सबमिशनच्या धामधुमीत एकांकिकेसाठी रात्र रात्र जागतो, त्याचं काय?

एकांकिकेला प्रेक्षक असतो आणि तारीख असते. 'पुरुषोत्तम'ची तारीख लागली की तालीम होतेच. वहीतल्या कवितेची वाट मात्र कुणीच बघत नसतं.

प्रेक्षक नेमकं देतो काय?

'कंट्रोल सिस्टीम्स' शिकलेल्यांना हे चटकन पटेल. थर्मोस्टॅटचा गीझर पाण्याच्या तापमानानुसार आपोआप चालू-बंद होतो. ही झाली क्लोज्ड लूप सिस्टीम. टायमरवरचा टोस्टर मात्र पाव भाजला की करपला हे बघत नाही. ही ओपन लूप. प्रेक्षक म्हणजे आपल्या कामाचा फीडबॅक. तो नसला की आपला टोस्टर होतो! काम पुढे गेलं की नाही तेच कळत नाही, आणि जे पुढे सरकताना दिसत नाही ते माणूस हळूहळू सोडून देतो. तेव्हा उगाच स्वतःला आळशी म्हणत बसू नका. बाहेरचा सेन्सर नसेल तर आपला आपण बसवायचा, एवढंच.

चंदीगडचे नेकचंद हे याचं जबरदस्त उदाहरण. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. नवं शहर उभारताना पाडलेल्या गावांचा मलबा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाइल्स हे सगळं ते सायकलवरून जंगलातल्या एका जागी नेत आणि नोकरी सांभाळून त्यातून मूर्ती घडवत. १९५७ च्या सुमारास सुरू झालेलं हे काम पुढची कित्येक वर्षं गुपचूप चाललं. जागा सरकारी, त्यामुळे कुणाला दाखवायची सोयच नव्हती. प्रेक्षक भेटला असता तर काम बंदच पडलं असतं! पण आज एक मूर्ती झाली, उद्या तिच्याशेजारी दुसरी. झालेलं काम रोज डोळ्यांसमोर उभं राहत होतं. १९७६ मध्ये ते 'रॉक गार्डन' म्हणून लोकांसाठी खुलं झालं.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आणला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभराहून अधिक काळ त्याच्या वाढीचं चित्रण केलं आणि 'अंकुराची वाढ' ही छोटीशी फिल्म केली. मोठ्या चित्रपटाला तेव्हा पैसे नव्हते, पण ही फिल्म आवाक्यातली होती आणि ती पूर्ण झाली. पुढे भांडवल उभं करताना हीच दाखवता आली.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, 'पूर्ण' कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा. 'कादंबरी लिहायचीय' हे स्पेसिफिकेशन नव्हे. 'बारा पानांची कथा, दोनदा तपासून, प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून' हे स्पेसिफिकेशन! दुसरं, रोजचं माप तासांत धरू नका, तुकड्यांत धरा: एक कडवं, एक सीन, एक स्केच. झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारा. हाच तुमचा सेन्सर. तिसरं, अर्धवट कथा टपरीवर रंगवून सांगू नका. चहाबरोबर वाहवा मिळाली की लिहायची भूक मरते. चौथं, विंगभर दाखवण्यापेक्षा एकच माणूस निवडा, ज्याला खोटं कौतुक जमत नाही, आणि पहिला खर्डा संपल्यावरच त्याच्या हातात द्या.

आणि हो, हाती घेतलेलं सगळंच पूर्ण व्हायला हवं असं मुळीच नाही. एखादी कल्पना नाहीच जमली तर 'हे मी सोडतोय' असं लिहून वही बंद करा. ठरवून सोडलं की ओझं राहत नाही. नुसतं लोंबकळत ठेवलं की पुढच्या कामालाही हात लागत नाही.

हे फक्त पोरांनाच लागू आहे असं समजू नका. स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्येही अर्ध्या कथा असतात बरं का!

चार वर्षं भुर्रकन उडून जातात. खोली रिकामी करताना अर्धी वही रद्दीत जाते आणि मग नोकरीच्या गडबडीत ती आठवतही नाही. नोकरीत तर रोजच्या कामाला टाळ्या कोण वाजवतं? टाळ्यांविना एक काम तडीस न्यायची सवय इथेच लागली, तर ती जन्मभर पुरेल. तेव्हा पी.एल. लागायच्या आत ती वही काढा, त्यातली सगळ्यात छोटी अर्धवट गोष्ट निवडा, पूर्ण करा आणि खाली तारीख टाका. कुणी वाचो, न वाचो!