वाफेच्या खोलीतील दगड

सुरत शहराच्या पूर्वेस पर्वत पाटियापासून लिंबायत-उधन्याकडे जाऊ लागले की मराठी बोल कानी पडू लागतात. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेल्या या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना, वीट तापवून, फडक्यात गुंडाळून दुखऱ्या गुडघ्यावर धरण्याचा उपचार ठाऊक असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तर अंथरुणाएवढी शिळा लाकडांच्या अग्नीने तापवावी, निखारे दूर सारून तिच्यावर ऊन पाणी शिंपडावे आणि रेशमी वा लोकरी वस्त्र अंथरून रोग्यास तिच्यावर निजवावे, असे सांगितले आहे. यासच अश्मघन स्वेद म्हणतात.

फिनलंडातील ‘साउना’ हे स्नानगृह याच जातीचे. लाकडी खोलीत शेगडीवर दगडांची रास असते. तिच्यावर पळीभर पाणी टाकले की वाफ उसळते. आपल्याकडे मोठ्या हॉटेलांत व व्यायामशाळांत अशा खोल्या दिसू लागल्या आहेत. तेव्हा प्रश्न येतो, की शेगडीवर दगड कोणता घालावा? तापीच्या पात्रातले चार गोटे उचलून आणले तर काय बिघडले?

बिघडते ते असे. गोट्याच्या बारीक चिरांत पाणी मुरलेले असते. त्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. वाट न मिळाल्यास दगड तडकतो, आणि त्याचा तुकडा उघड्या अंगावर उडू शकतो. चुनखडीचा पोरबंदरी दगड इमारतीस उत्तम, शेगडीस नव्हे. फार तापला की तो भाजून त्याचा चुना होऊ लागतो. वाळूचा दगडही टाळावा. त्याचे कण सुटत जातात. ग्रॅनाइटातील गारेचे स्फटिक 573 अंशांवर एकाएकी फुगतात. रतनपूरचा अकीक हाही गारेच्याच कुळातला. खंबायतचे कारागीर त्याला लाल रंग आणण्यासाठी तापवतात, पण अगदी सावकाश, कारण घाई केली की खडा फुटलाच.

मग उरतो आपला काळा दगड. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा हा दगड उष्णता चांगली धरतो. परंतु सरसकट सगळा घेण्याजोगा नाही. ज्यात पांढरे ठिपके वा पोकळ्या दिसतात, त्यात बहुधा झिओलाइट असते. तापताच हे खनिज आतले पाणी सोडते. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थही ‘उकळणारा दगड’ असाच आहे. ठिपका नसलेला, जड, ठोकल्यावर खणखणणारा दगड पाहावा. फिनलंडात पेरिडोटाइट व डायबेस वापरतात. डायबेस म्हणजेच डोलेराइट, आणि नंदुरबार-धुळे भागात लाव्ह्याचे थर चिरून उभ्या भिंतींसारखे गेलेले पट्टे याच दगडाचे आहेत. घरचा दगड इतका जवळ आहे! तरीही शेगडी विजेची असेल तर तिच्या कारखानदाराने सांगितलेल्या जातीचा व आकाराचाच दगड घालणे शहाणपणाचे.

रचनेत लोक एक चूक हमखास करतात: दगड गच्च ठासतात. दगडांमधून हवा वर चढली पाहिजे; वाट बुजली की विजेच्या तारा अतोनात तापून जळतात आणि खोली मात्र थंड राहते. दगड आधी धुऊन माती व चूर काढावा. मोठे तळाशी, लहान वर. लांबट दगड उभे. तारांवर भार पडू नये, पण वरून त्या दिसूही नयेत. विजेच्या शेगडीस बहुधा 5 ते 10 सेंटीमीटरचे दगड लागतात, लाकडाच्या शेगडीस त्याहून मोठे. नवे दगड प्रथम खोलीत कोणी नसताना तापवावेत.

वर्षातून एकदा, रोजच्या वापरात असेल तर त्याहूनही लवकर, सगळी रास उतरवावी. हाताने दाबताच भुगा होणारे दगड वेगळे काढावेत, तळाचा चूर झाडावा आणि नवे घालून पुन्हा सैल रचावे. काढलेले तुकडे कुंडीच्या तळाशी घालण्यास बरे पडतात.