साखरेचं मोजमाप : भाग ५
बोटाची शुगर, दंडाची शुगर

दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावल्यावर पहिल्याच दिवशी जवळपास प्रत्येकजण एक परीक्षा घेतो. मोबाइलवर दंडाचा आकडा बघायचा, लगेच बोट टोचून ग्लुकोमीटरचा बघायचा. दंड म्हणतो १४८, बोट म्हणतं १७२. मग निकाल लागतो : एवढे पैसे घालून लावलेला सेन्सर खोटा!

हा निकाल घाईचा आहे, कारण यात बोटाला आधीच न्यायाधीश करून टाकलेलं असतं. ग्लुकोमीटरसाठी २०१३ पासून जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यात शुगर १०० च्या वर असेल तर शंभरातल्या ९५ तपासण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असाव्यात, एवढीच अट आहे. १०० च्या खाली हीच सूट १५ अंकांची. म्हणजे खरी शुगर २०० असताना एका मीटरने १७० दाखवलं आणि शेजारच्याने २३०, तरी दोन्ही पास.

ही झाली मीटरची चूक. बोटाची वेगळी, आणि ती पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०११ साली जपानमधल्या डॉक्टरांनी मधुमेह नसलेल्या माणसांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला दिली आणि हात न धुता बोट टोचलं. आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही वरच राहिले. साध्या पाण्याने हात धुतल्यावर जागेवर आले. फळाची साखर कातडीवर चिकटून राहते आणि थेंबात मिसळते. अंबिया बहाराची तोडणी चालू असताना बगिच्यातून येऊन तसंच बोट टोचलं, की शुगर शरीराची मोजली जाते की संत्र्याची, हे मीटरला कळत नाही. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवून घेतलं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. हात धुवा आणि कोरडे करा. ओल्या बोटावर रक्त पातळ होतं. थेंब निघत नाही म्हणून बोट पिळत बसू नका. आणि पट्ट्यांचा डबा मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवू नका. बहुतेक डब्यांवर ३० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, आपल्याकडे उन्हाळ्यात ती सकाळीच ओलांडली जाते.

आता दंडाकडे. सेन्सरचा बारीक तंतू रक्तवाहिनीत जात नाही. तो कातडीखाली, पेशींच्या मधल्या द्रवात बसतो. साखर आधी रक्तात येते, तिथून झिरपत या द्रवात. विहिरीवरची मोटर सुरू केली तरी ओळीतल्या शेवटच्या झाडाला पाणी उशिराच मिळतं, तसं. हा उशीर साधारण पाच ते दहा मिनिटांचा, कधी त्याहून थोडा जास्त. शुगर स्थिर असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण जेवणानंतर ती मिनिटाला दोन अंकांनी चढत असेल, तर दहा मिनिटांत वीस अंकांचा फरक नुसत्या वेळेमुळेच पडतो. म्हणून मोबाइलवर आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असेल तेव्हाच दोघांची तुलना करा. उपाशीपोटी सकाळची वेळ उत्तम.

अचूकतेचा हिशेब सरासरी फरकाने मांडतात. अ‍ॅबट कंपनीच्या पहिल्या लिब्रे सेन्सरच्या एका चाचणीत बोटाच्या तुलनेत हा फरक ११.४ टक्के आला होता. पुढच्या पिढीत प्रयोगशाळेच्या तुलनेत तो ९ टक्क्यांच्या आसपास उतरला. ही सरासरी आहे, हमी नव्हे. पहिल्या दिवशी सेन्सर जास्त चुकतो. त्या दंडावर झोपलात तर दाबामुळे रात्री खोटीच 'लो' शुगर दिसते आणि घरचे साखर घेऊन धावतात. क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत काही सेन्सर शुगर उगाच जास्त दाखवतात. (संत्र्याला यात ओढू नका, एका फळात साधारण ५०-६० मिलिग्रॅम असतं.)

मग एवढं करून सेन्सर हवा कशाला? बोट एका क्षणाचा आकडा देतं, सेन्सर चौदा दिवसांची रेघ. पहाटे तीनला शुगर पडते का, भाकरीनंतर किती चढते, हे बोटाला विचारून कळत नाही. आणखी एक कारण आपल्या भागातलं : सिकलसेल असलेल्यांत लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी फसवी कमी येऊ शकते. तिथे रेघेचं मोल मोठं.

मात्र दोन प्रसंगी बोटच टोचा. घाम, थरथर, चक्कर आहे आणि सेन्सर 'ठीक' म्हणतोय, तेव्हा. (तपासायला हाताशी काही नसेल, तर न थांबता साखर खा.) आणि 'लो' झाल्यावर तीन चमचे साखर खाऊन पंधरा मिनिटं झाली, तेव्हा. रक्तातली शुगर सावरलेली असते, द्रवातली मागे असते. सेन्सर पाहून लोक पुन्हा साखर खातात आणि तासाभरात तीनशेवर जातात.

दोन्ही आकडे जुळत नसतील तर हात धुऊन, बाण आडवा असताना तीन-चार दिवस ते वेळेसकट वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. तोवर इन्सुलिनचं युनिट स्वतःच्या मनाने वाढवू नका, कमीही करू नका.