टर्बो ‘मारला’ की झालं?

जालना रोडवरच्या एका गॅरेजात मिस्त्रीनं माझ्या हातावर पिस्टन ठेवला. दोन रिंगांमधली कड पेरभर तुटून गेलेली, माथ्यावर बारीक खड्डे, कुणी टोच्यानं उकरल्यासारखे. गाडी जुनी होंडा सिटी, मालक बाविशीतला. “सर, टर्बो तर एकदम चांगला होता,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. टर्बो अजूनही चांगलाच आहे. इंजिन गेलं.

“नुसता टर्बो मारायचा, गाडी डबल पळती.” बीडमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की आता चिडच येते.

टर्बोचं काम साधं आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. पोरांचा हिशेब असा: अर्धा बार बूस्ट, म्हणजे दीडपट दाब, म्हणजे दीडपट हवा, म्हणजे दीडपट ताकद. पण दाबली की हवा तापते. चाकात हवा भरताना सायकलचा पंप हाताला लागतोच की! बीडच्या मे महिन्यातली ४० अंशांची हवा अर्धा बार दाबली, तर बऱ्यापैकी कॉम्प्रेसरमधूनही ती ९५ अंशांच्या आसपास तापून निघते. तापली की विरळ होते. दीडपट राहतं बाजूला, हातात येते सव्वापटीहून थोडी जास्त.

खरी गोम पुढे आहे. ही तापलेली हवा सिलिंडरात आणखी दहापट दाबली जाते. ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण भडकतं. हेच नॉकिंग. पिस्टनवरचे खड्डे त्या भडक्यांचे होते. त्यात इंजेक्टर जुनेच असतील तर वाढलेल्या हवेला पेट्रोल पुरत नाही आणि उष्णता आणखी चढते. म्हणून इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, तगडा फ्युएल पंप, ईसीयूचं नवं मॅपिंग, फोर्ज्ड पिस्टन, दणकट क्लच. टर्बो हा या यादीतला एक आयटम आहे, आणि पोरं नेमकी तिथंच थांबतात.

पटत नसेल तर शोरूमला जा. २०२३ च्या ह्युंदाई व्हर्नात दीड लिटरची दोन पेट्रोल इंजिनं आली: साधं ११५ पीएस, टर्बो १६० पीएस. पण कंपनीनं साध्याच इंजिनाला टर्बो डकवलेला नाही. दुसरं इंजिन वेगळंच आहे, पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारं. त्या फवाऱ्यानं आतली हवा गार होते. चाकणला बनणाऱ्या स्कोडा स्लाव्हियाचं १५० पीएसचं दीड लिटर इंजिनही जन्मापासूनच टर्बोसाठी घडवलेलं.

ब्रेकचा विचार तर कुणीच करत नाही. ताशी १०० वरून १४० वर गेलात की गाडी थांबवताना जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. मांजरसुंबा घाट उतरताना ती जुन्याच पॅडवर येते.

“आरटीओला काय कळतंय?” हाही एक लाडका समज. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल, तर अपघातानंतर क्लेमचा वाद वेगळाच.

बाकीचं झटपट. इथेनॉलच्या पेट्रोलनं टर्बो मरतो? उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यानं नॉकिंगला आवर बसतो. फक्त पेट्रोल जास्त सोडावं लागतं. (आपल्याच माणसांनी तोडलेल्या उसाला उगाच का शिव्या?) मोठा सायलेन्सर? साध्या इंजिनाला बहुतेक वेळा आवाजच वाढतो. बंद करण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं? जोरात पळवून आलात तर मिनिटभर पुरे.

आणि तो ‘फुस्स’ आवाज. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर कोंडलेली हवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हमधून बाहेर पडते, त्याचा. त्यानं ताकद तसूभरही वाढत नाही. साध्या इंजिनात कोंडलेली हवाच नसते, म्हणून त्यासाठी आवाज काढणारं स्पीकरचं किट विकतात. तो पोरगा आता त्याचीच किंमत विचारत होता.