चिंच, मीठ, राख आणि निंबोळी

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेतला ऑक्सिजन, पावसाळी दमटपणा आणि चुलीच्या किंवा गॅसच्या धुरातले गंधकयुक्त वायू यांच्यामुळे त्यातल्या तांब्यावर आधी तपकिरी आणि मग काळा थर चढतो. तो थर म्हणजे तांब्याची ऑक्साइडे आणि सल्फाइड. पितळनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा शहरातला भांड्यांचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही. तरी जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत गुंड, गंज, परात आणि गडवे अजून वापरात आहेत, आणि ते चिंचेनेच घासले जातात. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल भरपूर असते. हे आम्ल तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवते, मात्र खालच्या धातूला फारसा धक्का लावत नाही. भिजवलेली चिंच गुंडावर फिरवली की बोटांखाली काळेपणा सुटतो, ओघळणारे पाणी मळकट हिरवट दिसते आणि मागे पिवळा धातू उघडा पडतो. त्या हिरवट पाण्यात तांब्याचे क्षार असतात, म्हणून ते खरकट्या भांड्यांवर सांडू देऊ नये.

लिंबू आणि मीठ यांची जोडी चिंचेपेक्षा लवकर काम करते. मिठातले क्लोराइड तांब्याला विरघळायला मदत करते. पण हेच क्लोराइड भांड्यावर राहून गेले तर दुसऱ्या दिवशी हिरवे डाग उमटतात. त्यामुळे घासल्यावर भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसणे हा उपायाचाच भाग आहे. चिंच लावून भांडे रात्रभर ठेवण्याची सवयही वाईट. आम्लाला जास्त वेळ मिळाला की ते पितळेतले जस्त आधी ओढून घेते, आणि त्या जागी लालसर, सच्छिद्र तांबे उरते. असा गुलाबी डाग घासून जात नाही, कारण तो मळ नसून भांड्याची झीज असते. आम्ल पितळ विरघळवते, म्हणूनच आंबट वरण किंवा ताक कल्हई नसलेल्या भांड्यात कळकते. २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील नवसागराच्या मदतीने आतून फिरवले की अन्न आणि पितळ यांच्यात पडदा तयार होतो. शोभेच्या वस्तूंवर मात्र बहुधा लॅकरचा थर असतो. त्यांना चिंच लावण्यात काही अर्थ नाही.

पिण्याचे पाणी पितळी गुंडात रात्रभर ठेवण्याच्या रिवाजाला प्रयोगाचा आधार मिळालेला आहे. ब्रिटनमधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉब रीड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पितळी भांड्यातल्या पाण्यातले ई. कोलाय जिवाणू ४८ तासांत नाहीसे झाले. मातीच्या भांड्यात तसे घडले नाही. पाण्यात अत्यल्प प्रमाणात उतरणारे तांबे जिवाणूंच्या पेशींना बाधते. यातली वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. संध्याकाळी भरलेले पाणी सकाळी प्यायले तर हा परिणाम अर्धवटच झालेला असतो.

पावसाळ्यात वैनगंगेचे आणि विहिरींचे पाणी गढूळ होते, तेव्हा घरोघरी तुरटी फिरते. गाळाचे बारीक कण ऋणभारित असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तासन्‌तास तळाशी बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो, चिकट पुंजके बनतात आणि गाळ खाली जातो. खडा चार-पाच वेळा फिरवून पाणी अर्धा-पाऊण तास हलवू नये. शेवग्याच्या वाळलेल्या बियांची पूडही हेच काम करते, कारण तिच्यातल्या प्रथिनांवर धनभार असतो. मात्र निवळलेले पाणी शुद्ध झाले असे समजू नये. तुरटीने जंतूंपैकी काही गाळाबरोबर खाली जातात, सगळे मरत नाहीत. वरचे पाणी अलगद काढून ते उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे द्रावण टाकावे.

भंडारा हा धानाचा जिल्हा. इथे घरगुती उपायांची कसोटी स्वयंपाकघराइतकीच बांधीतही लागते. पऱ्हे टाकण्यापूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवणे हा सर्वात स्वस्त आणि सर्वात खात्रीचा उपाय म्हणता येईल. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण. त्यात धान ओतून ढवळले की भरलेला दाणा तळाला जातो आणि पोचट दाणा वर येतो. अर्धवट भरलेल्या दाण्यात तुसाखाली हवा अडकलेली असते, म्हणून तो हलका. रोगट दाणेही बरेचदा असेच हलके असतात. साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्याची घनता थोडी जास्त असल्याने साध्या पाण्यात बुडणारा किंचित पोचट दाणाही इथे तरंगतो. वरचे दाणे चाळणीने काढून टाकावेत. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. धुण्यात कुचराई केली तर उरलेले मीठ उगवणीला मारक ठरते. ताजे अंडे तरंगेपर्यंत मीठ टाकण्याची दुसरी एक रीत ऐकायला मिळते. त्यासाठी लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर मीठ लागते. ते द्रावण बरेच कडक असते आणि त्यात चांगले दाणेही वर येऊ शकतात. घरच्या बियाण्यासाठी तीन टक्क्यांचे माप पुरेसे आहे.

राईस मिलमधून निघणाऱ्या तुसाची राख या भागात ढिगाने पडून असते. या राखेत साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, आणि धान हे सिलिका भरपूर शोषणारे पीक आहे. पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांवाटे वर चढते आणि पानांच्या व खोडाच्या सालीत साठून तिला कडकपणा देते. अशा खोडात शिरताना खोडकिड्याच्या अळीचे जबडे झिजतात आणि करप्याच्या बुरशीलाही पान भेदणे जड जाते. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भात लागवडीचे पहिले सूत्र यावरच उभे आहे. गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळसर राख मिसळावी, असे ते सांगते. राख काळसर असण्याला कारण आहे. कमी उष्णतेवर जळालेल्या तुसातली सिलिका स्फटिक बनलेली नसते, त्यामुळे ती पिकाला मिळते. भट्टीच्या प्रखर आचेत पांढरी झालेली राख त्या मानाने निरुपयोगी. हीच तुसाची राख भांडी घासायला वापरू नये. पऱ्ह्यांना बळ देणारी सिलिका पितळेवर चरे पाडते. भांड्यांसाठी चाळलेली लाकडाची राख बरी. तिच्यातले पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणाही काढते.

आता कडुनिंब. त्याच्याविषयी जेवढा विश्वास आहे तेवढीच चुकीची वापरपद्धतही रूढ आहे. कडुनिंबातला कीडरोधक घटक म्हणजे ॲझाडिरेक्टिन. इंग्लंडमधील बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी १९६८ मध्ये तो वेगळा केला. त्याची रेणुरचना इतकी गुंतागुंतीची की प्रयोगशाळेत तो तयार व्हायला २००७ साल उजाडले. हा घटक मुख्यतः बियांत असतो, पानांत फार थोडा. शिवाय तो उष्णतेने आणि उन्हाने लवकर नष्ट होतो. म्हणजे पाला उकळून त्याचे पाणी झाडांवर मारण्यात कष्ट पुष्कळ आणि गुण थोडा. योग्य वस्तू निंबोळी आणि योग्य पद्धत थंड पाण्यात भिजवणे. पावसाळ्याच्या तोंडाला गळालेल्या पिवळ्या निंबोळ्या गोळा करून गर धुऊन टाकावा, बिया सावलीत वाळवाव्यात आणि हवा खेळेल अशा पोत्यात ठेवाव्यात. दमट बियांवर बुरशी चढली की त्या कामातून गेल्या. वर्षभराहून जुन्या बियाही कमी गुणाच्या ठरतात.

शेतासाठी पाच टक्के अर्काचे प्रमाण ठरलेले आहे. पाच किलो निंबोळीचा भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, त्यात २०० ग्रॅम साबण विरघळवायचा आणि एकूण पाणी १०० लिटर करायचे. अंगणातल्या वांगी, भेंडी, जास्वंदासाठी एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम भरडा आणि दोन ग्रॅम साबण पुरतो. साबणामुळे फवारा पानावर थेंबाथेंबाने घरंगळत नाही, पसरून बसतो. फवारणी संध्याकाळी करावी आणि अर्क त्याच दिवशी संपवावा. दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या म्हणून उपाय फसला असे नसते. ॲझाडिरेक्टिन किडीला लगेच मारत नाही. तिची खाण्याची इच्छा कमी करते आणि कात टाकण्याच्या संप्रेरकात अडथळा आणते. अळी पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही आणि काही दिवसांत मरते. त्यामुळे अर्क मारायचा तो किडी थोड्या असताना. तुडतुड्यांनी बांधीत जळाल्यासारखे गोल पट्टे पडू लागल्यावर निंबोळी अर्कावर विसंबून राहणे म्हणजे पीक हातचे घालवणे. तिथे साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला त्वरित घ्यावा.

निंबोळीचे हे ज्ञान कोणा एकाची मालमत्ता नाही, हेही एकदा सिद्ध करावे लागले होते. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात १९९४ मध्ये पेटंट दिले गेले. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा पुण्यातील अभय फडके यांनी असा वापर भारतात आधीपासून होत असल्याची साक्ष दिली. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

कढीपत्त्यावरचा मावा आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण यांना नुसते साबणाचे पाणीही पुरते. या किडींची त्वचा मऊ असते. साबण तिच्यावरचे मेणाचे आवरण काढतो, श्वसनछिद्रे बुजवतो आणि कीड वाळून मरते. फवारा प्रत्यक्ष किडीवर पडला तरच हे घडते, म्हणून पानांच्या खालच्या बाजू विसरू नयेत. कपडे धुण्याच्या पावडरीतले क्षार पाने करपवतात, तेव्हा साधा वडीचा साबण घ्यावा.

साठवणीत मात्र घरगुती उपायांची बाजू लंगडी आहे. तांदळात कडुनिंबाचा पाला ठेवल्याने सोंडे किडे थोडे दूर राहतात, पण दाण्याच्या आत घातलेल्या अंड्यांना त्याने काहीच होत नाही. खरा बचाव दाणा कोरडा असण्यात आहे. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तर कीड फारशी वाढत नाही. धान तुसासकट ठेवणे हाही मोठा बचाव, कारण अखंड तूस सोंडे किड्याला सहज भेदता येत नाही. तूस काढलेला तांदूळ कडक उन्हात टाकला तर दाणा तडकतो. थोडा तांदूळ असेल तर तो फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवणे जास्त परिणामकारक. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत बंद व्हायला हवी. तिला अन्नात वापरायची परवानगी नाही आणि धुतल्याने ती पूर्ण जाईल याची खात्रीही नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. त्यांतून हवेतल्या दमटपणानेच फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. डाळींना एरंडेल चोळणे मात्र निर्धोक आणि उपयोगी. तेलाच्या पातळ थराखाली भुंग्याची अंडी गुदमरतात.

उभ्या धानात पेरल्या जाणाऱ्या लाखोळीसाठीही असाच एक साधा उपाय आहे. तिच्यात नसांवर परिणाम करणारे एक विषारी अमिनो आम्ल असते. रोज भरपूर आणि महिनोन्‌महिने तीच डाळ खाल्ली तर पायांना अपंगत्व येऊ शकते. हे आम्ल पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिले की त्याचा मोठा भाग निघून जातो. हे पाणी कोणत्याही कारणाने आमटीत घेऊ नये.

उन्हाळ्यात विदर्भातल्या घरांत कूलर चालतो आणि त्याच्या टाकीत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची सोय होते. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करण्याचा नियम आहे. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात. भिंत ब्रशने घासली तरच ती निघतात. पाण्यावर तेल टाकण्याचा उपाय साचलेल्या डबक्यात चालतो, कारण तेलाच्या थराने अळ्यांना श्वास घेता येत नाही. कूलरचा पंप मात्र तो थर सतत मोडतो. टाकीला बसलेला पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून ते त्यावर ओतले की बुडबुडे येतात आणि थर सुटतो. पत्र्याची टाकी असेल तर लगेच पाण्याने धुवावी, कारण जस्ताच्या मुलाम्यालाही आम्ल खाते.

दोन चांगले उपाय एकत्र केले की दुप्पट गुण येतो, हा समज सोडून द्यावा. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केले की फेस खूप येतो, पण दोघेही एकमेकांना निकामी करतात. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे ॲसिड यांचे मिश्रण तर जीवघेणे, कारण त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. चुकून असे झाले आणि डोळे चुरचुरू लागले, तर ते साफ करत बसू नये. सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत जावे आणि खोकला किंवा दम लागणे थांबले नाही तर दवाखाना गाठावा.