बारकोड काय सांगतो, काय सांगत नाही

गेल्या रमजानमधली गोष्ट. जुन्नरला आमच्या आपांकडे इफ्तारीची तयारी चालली होती. ‘मदिन्याचा खजूर’ म्हणून आणलेल्या डब्यावरचा बारकोड भाच्याने पाहिला आणि म्हणाला, “मामू, हा ८९० ने सुरू होतो. म्हणजे माल इथलाच. दुकानदाराने फसवलं!” मोबाइलवर आलेला संदेशही त्याने दाखवला. ८९० म्हणजे भारतात बनलेले, ६२८ म्हणजे सौदीचे, ७२९ म्हणजे इस्रायलचे, अशी यादीच होती.

आपा तशाच डबा घेऊन दुकानात गेल्या. ज्या चाचांकडून आमच्या घरात वीस वर्षे किराणा येतो, त्यांना चार गिऱ्हाइकांसमोर ‘फसवणूक’ हा शब्द ऐकावा लागला. चाचांनी काही न बोलता पैसे परत केले.

आम्ही घाटघरच्या शाळेत गणित शिकवतो. तरीही त्या संध्याकाळी भाच्याला नेमके उत्तर आम्हाला देता आले नाही. ही रुखरुख लागली, म्हणून या विषयाच्या मागे लागलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

रेघांची भाषा

अमेरिकेत नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांना १९५२ साली या कल्पनेचे पेटंट मिळाले. तारायंत्राच्या मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा वुडलँड यांनी समुद्राच्या वाळूत बोटांनी खाली ओढून पाहिल्या, त्यातून ही कल्पना सुचली. प्रत्यक्ष दुकानात पहिला बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. वस्तू होती च्युइंगगमचे पाकीट.

यंत्राचा प्रकाश काळ्या रेघेत शोषला जातो आणि पांढऱ्या जागेवरून परत येतो. या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाडीवरून यंत्र आकडा ओळखते. दोन्ही कडांच्या आणि मधल्या लांब रेघा केवळ सुरुवात, मध्य आणि शेवट दाखवतात. किंमत मात्र रेघांमध्ये नसते. ती दुकानाच्या संगणकात असते, आकडा फक्त तिथपर्यंत पोचवतो. दुकानातच वजन करून चिकटवलेली चिठ्ठी तेवढी वेगळी. तिच्यावरचा आकडा २ ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा किंमत असू शकते.

तेरा आकडे

पहिले तीन आकडे नोंदणी कोणत्या देशातल्या संस्थेकडे झाली ते सांगतात. आपल्याकडे हे काम १९९६ पासून जीएस१ इंडिया ही संस्था करते. पुढचे आकडे कंपनीचे आणि वस्तूचे असतात. शेवटचा एक आकडा पडताळणीचा.

ही पडताळणी आम्ही सातवीच्या मुलांकडून करून घेतली. मुलांनी बिस्किटे, साबण, चहापत्तीची वेष्टने आणली. गावातल्या दुकानात यंत्र नाही, दुकानदाराला सगळ्या किमती तोंडपाठ. त्यामुळे या रेघा वाचल्या जातात हेच मुलांना नवे होते. फळ्यावर सोपा नमुना घेतला: ८९०१२३४५६७८९, आणि तेरावा आकडा शोधायचा. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले: २८. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढची पूर्ण दशक संख्या गाठायला किती हवेत? शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. एका मुलीने मुद्दाम ५ च्या जागी ६ लिहिला. बेरीज १३३ झाली, तेरावा आकडा ७ यायला हवा होता. चूक लगेच पकडली गेली. कुठलाही एक आकडा चुकला तर यंत्र असेच अडते.

शाळेपासून नाणेघाट जवळच. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेच्या शिलालेखात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी अंक आहेत. मुलांना आम्ही म्हटले, अंक ओळखला तरी तो गाईंचा की नाण्यांचा हे शेजारचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. बारकोडचेही तसेच आहे.

मग खरे काय?

८९० चा अर्थ एवढाच की कंपनीने नोंदणी भारतात केली. तिने खजूर सौदीतून आणून इथे डब्यात भरला तरी आकडा ८९० च राहील. ७२९ चेही तसेच. तो आकडा इस्रायलमधली नोंदणी सांगतो, माल कुठे बनला ते नाही. आणि दुसऱ्या आकड्याने सुरू होणारा माल तिथे बनलाच नसेल, असेही म्हणता येत नाही. पुस्तकांवरचा ९७८ तर कुठल्याच देशाचा नाही. वस्तू हलाल आहे की नाही, ताजी आहे की शिळी, हे या तेरा आकड्यांत कुठेही लिहिलेले नसते.

त्यासाठी वेष्टन फिरवून बारीक अक्षरे वाचावी लागतात. घटक पदार्थांची यादी, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, आयात मालावर उत्पादनाचा देश, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक. हिरवा ठिपका शाकाहार दाखवतो, तपकिरी त्रिकोण मांसाहार. हलालची खूण असेल तर ती देणाऱ्या संस्थेचे नाव पाहावे. शंका राहिली तर दुकानदाराला विचारावे, पण विचारावे. आरोप करू नये. बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान होईल आणि मागून पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आपण सगळेच वाचतो.

आम्ही हे सारे आपांना सांगितले. त्या दुकानात गेल्या आणि तोच डबा पुन्हा हातात घेतला. मागे बारीक अक्षरांत छापले होते: उत्पादन देश सौदी अरेबिया, पॅकिंग भारतात. आपांनी चाचांची माफी मागितली, तीही गिऱ्हाइकांसमोरच. चाचा म्हणाले, “बेटी, त्याच दिवशी डबा उलटा करून पाहिला असतास तर बरं झालं असतं.”

भाच्याने तो संदेश ज्यांना ज्यांना पाठवला होता, त्या सगळ्यांना आता खरी माहिती पाठवली आहे.